संगणकांतील नोंदवहीचा जीर्णोद्धार

दुकानांतील चोपडी भिजली, वाळवीनें खाल्ली किंवा तिची शिवण उसवली, तर काय गेलें व काय राहिलें हें डोळ्यांना दिसतें. शाई पसरलेलीं पानें वेगळीं काढतां येतात, सुटलेलीं पानें जुळवितां येतात, आणि ज्या पानाचा तुकडाच नाहींसा झाला असेल त्याची जागा तरी रिकामी दिसते. संगणकांतील नोंदवही बिघडली म्हणजे मात्र यांतलें कांहींच दिसत नाहीं. काल सायंकाळपर्यंत जी फाईल हजारों नांवें, तारखा व रकमा बिनचूक सांगत होती, ती आज सकाळीं एका ओळींत नकार देते. "डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड" एवढेंच इंग्रजी वाक्य पडद्यावर उमटतें. म्हणजे नोंदवहीची घडण बिघडली आहे. हा निरोप वाचणाऱ्यास सर्वस्व गेल्यासारखें वाटतें, आणि त्या घाबरलेल्या मनाला जो पहिला उपाय सुचतो, तोच पुष्कळदां मूळ बिघाडापेक्षां अधिक नुकसान करतो. म्हणून अशा फाईलीची घडण कशी असते, ती मोडते कशी, आणि मोडल्यावर तिच्यांतून काय व कोणत्या बोलीवर परत मिळतें, हें प्रत्येक कुटुंबानें थोडेंबहुत समजून घेणें अगत्याचें आहे.

येथें जिचा विचार करावयाचा आहे त्या नोंदवहीचें नांव एसक्यूलाइट. हें नांव फारसें कानावर येत नसलें, तरी ती नसलेलें घर आज शहरांत शोधून सांपडावयाचें नाहीं. अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही जातींच्या दूरध्वनींत ती आहे. फायरफॉक्स व क्रोम यांत पाहिलेल्या पानांची याद तिच्यांतच राहते. व्हॉट्सअॅपवरील संदेश हातांतल्या यंत्रांत साठतात ते तिच्यांतच. तिचा जन्म २००० सालचा. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ जनरल डायनॅमिक्स या कंपनीमार्फत तेथील आरमारासाठीं काम करीत होते. युद्धनौकेस इजा झाली असतां ती आटोक्यांत ठेवण्याच्या व्यवस्थेसाठीं त्यांना संगणकाचा कार्यक्रम लिहावयाचा होता. अशा प्रसंगीं माहिती सांगणारी यंत्रणाच आधीं बंद पडून चालत नाहीं. तेव्हां स्वतंत्र कारभारी लागणारी अवजड व्यवस्था नको, सर्व नोंदी एका साध्या फाईलींत राहाव्या, या विचारांतून ही नोंदवही निघाली. तिच्या कर्त्यांनीं ती सर्वांस मोकळी करून दिली असून तिच्यावर कोणताही हक्क राखलेला नाहीं. तिच्या प्रसाराचें हें एक मोठेंच कारण आहे.

ही फाईल म्हणजे सारख्या आकाराच्या पानांची एक चोपडी होय. पानाचा आकार ५१२ पासून ६५,५३६ बाइटांपर्यंत असूं शकतो. २०१६ पासून तयार होणाऱ्या फाईलींत तो सामान्यतः ४,०९६ बाइटांचा असतो. बाइट म्हणजे साठवणुकींतील एक लहानसें घर. इंग्रजीचें एक अक्षर त्यांत मावतें. पहिल्या पानाच्या माथ्यावर १०० बाइटांचा मथळा असतो. त्यांतील पहिल्या १६ बाइटांत फाईलीची जात लिहिलेली असते, आणि लगेच पुढें पानाचा आकार. मथळ्याखालीं अनुक्रमणिका येते: तक्ते कोणते, त्यांच्या रकान्यांचीं नांवें काय, आणि प्रत्येक तक्त्याचें मूळ पान कितवें. त्या मूळ पानापासून झाडाला फांद्या फुटाव्या त्याप्रमाणें वाट दाखविणारीं पानें निघतात, आणि शेवटीं प्रत्यक्ष नोंदींचीं पानें लागतात. प्रत्येक पान आपला प्रकार आरंभींच्या एका बाइटांत सांगतें. तेथें १३ हा आंकडा असेल तर तें नोंदींचें पान. ५ असेल तर वाट दाखविणारें. १० व २ हे आंकडे शोधसूचीच्या पानांचे. एखादी नोंद फार लांब असली, तर तिचा उरलेला भाग "पुढें चालू" अशा रीतीनें दुसऱ्या पानावर जातो व त्या पानाचा क्रमांक पहिल्यावर लिहिला जातो.

या रचनेंत एक वैगुण्य आहे व एक सोय आहे. वैगुण्य हें कीं, नोंदींच्या पानावर तें कोणत्या तक्त्याचें आहे हें लिहिलेलें नसतें. तें फक्त वाट दाखविणाऱ्या पानांस ठाऊक असतें. सोय ही कीं, वाट मोडली तरी पान जागच्या जागीं असतें, व त्याचा पहिला आंकडा पाहून तें ओळखतां येतें. रस्ता वाहून गेला म्हणून गांव वाहून गेला असें होत नाहीं. फाईल उघडत नाहीं एवढ्यावरून तिच्यांतील नोंदी नष्ट झाल्या असें समजणें ही म्हणूनच पहिली चूक होय.

आतां ही घडण मोडते कशी? एक साधी नोंद घालावयाची तरी दोन-चार पानें एकामागून एक बदलावीं लागतात. मध्येंच वीज गेली, तर कांहीं पानें नवीं व कांहीं जुनीं अशी विसंगत अवस्था होईल. ती टाळण्यासाठीं दोन युक्त्या योजिल्या आहेत, आणि जमाखर्चाची जुनी रीत ज्यांना परिचित आहे त्यांना त्या सहज उमगतील. पहिली अशी: पान बदलण्यापूर्वीं त्याची जुनी नक्कल शेजारच्या एका वेगळ्या फाईलींत उतरवावयाची. मुख्य फाईलीच्या नांवापुढें "जर्नल" हा शब्द जोडून या फाईलीचें नांव बनतें. काम पुरें झालें म्हणजे ही नक्कल रद्द होते. अर्धवट राहिलें, तर पुढील वेळीं कार्यक्रम ती नक्कल पाहून जुनीं पानें आपण होऊन पूर्ववत् बसवितो. दुसरी युक्ति २०१० सालीं आली. तिच्यांत नवीं पानें थेट मुख्य फाईलींत न लिहितां प्रथम "वॉल" या नांवाच्या जोडफाईलींत क्रमानें लिहितात, व कांहीं वेळानें तीं मुख्य फाईलींत चढवितात. आधीं रोजकीर्द लिहावी आणि मग खतावणी करावी, तसाच हा प्रकार. जर्नल हा इंग्रजी शब्दच मुळीं रोजकीर्दीचा आहे. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असेल तोंवर पेढीचा हिशेब बुडत नाहीं, हें तत्त्व येथेंही तसेंच लागू पडतें.

यावरून दिसेल कीं, नुसती वीज गेल्यानें ही नोंदवही सहसा बिघडत नाहीं. बिघाड होतो तो ही संरक्षणाची साखळी तुटल्यामुळें. साठवणुकीचें यंत्र हलक्या प्रतीचें असलें, तर "लिहून झालें" असें तें खोटेंच सांगतें. फाईल उघडी असतांना, नेमकें लेखन चाललेलें असतांना तिची प्रत काढली, तर प्रतींत अर्धें जुनें व अर्धें नवें येतें. एकच फाईल जाळ्यावरून दोन संगणकांनीं एकदम वापरली व कुलुपाची व्यवस्था तेथें नीट चालली नाहीं, तर दोघेही एकाच पानावर लिहितात. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे पुष्कळदां रोजकीर्द माणसाच्याच हातून केरांत जाते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गांवींचा एक दवाखाना डोळ्यांपुढें आणावा. बारा वर्षांचे रुग्ण, त्यांचे आजार, दिलेलीं औषधें व वर्ज्य औषधें हें सर्व एका संगणकांतील एकाच फाईलींत आहे. सायंकाळीं नोंदी चालू असतां वीज गेली. सकाळीं मदतनिसानें संगणक लावला, तेव्हां मुख्य फाईलीशेजारीं एक अनोळखी लहान फाईल दिसली. काल ती नव्हती, नांवही विचित्र. निरुपयोगी कचरा समजून त्यानें ती पुसून टाकली, आणि मग नेहमींचा कार्यक्रम उघडला. ज्या एका वस्तूच्या बळावर नोंदवही स्वतःला सावरणार होती, तीच नाहींशी झाली होती. आतां डॉक्टरांपुढें बाहेर बसलेले रुग्ण आहेत, आणि पडद्यावर तें एक ओळीचें इंग्रजी वाक्य आहे.

अशा वेळीं पहिलें कर्तव्य म्हणजे कांहींही न करणें. कार्यक्रम पुन्हां पुन्हां उघडूं नये, तो पुसून नव्यानें बसवूं नये, "दुरुस्त करा" असें म्हणणारें कोणतेंही साधन मूळ फाईलीवर चालवूं नये. पुसलेली फाईल साठवणुकींतून तत्काळ नाहींशी होतेच असें नाहीं. तिची जागा नव्या लेखनासाठीं मोकळी धरली जाते, म्हणून जितकें लिहावें तितकी ती सांपडण्याची आशा कमी होते. नव्या धर्तीच्या एसएसडी साठवणुकींत तर मोकळी झालेली जागा यंत्रच आपोआप साफ करीत असतें, म्हणून तेथें विलंबही घातक ठरतो. तबकडी खडखड आवाज करीत असेल, तर संगणक तेव्हांच बंद करून ती जाणत्याच्या हातीं द्यावी. ती सुस्थितींत असेल, तर मुख्य फाईल व तिच्या शेजारच्या सर्व जोडफाईली, नांवांत काडीचाही फरक न करतां, दुसऱ्या साठवणुकीवर एकत्र उतरवून घ्याव्या. नांव बदललें कीं खतावणी व रोजकीर्द यांची ओळख तुटते. यापुढील सर्व प्रयोग प्रतीवर. मूळ फाईलीस हात नाहीं.

मग परीक्षा. फाईलीची अंतर्गत सुसंगति तपासण्याची आज्ञा नोंदवहींतच आहे. कोणत्या पानांत काय दोष आहे हें ती सांगते. पुष्कळदां असें आढळतें कीं, दोष फक्त शोधसूचींत आहे. ग्रंथाच्या शेवटची सूची फाटली म्हणून ग्रंथ फाटत नाहीं. सूची नव्यानें बांधण्याची आज्ञा दिली कीं काम भागतें. दोष नोंदींच्या झाडांत असेल, तर प्रथम साध्या वाटेनें जितक्या नोंदी वाचतां येतील तितक्या वाचून नव्या फाईलींत लिहून घ्याव्या. ही वाट जेथें मोडली असेल तेथें थांबते. त्यापुढें उपयोगी पडतें तें २०१९ च्या जुलैंत या नोंदवहीच्या साधनांत आलेलें "रिकव्हर" हें काम. तें वाटेवर विसंबत नाहीं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पान उलटून तें त्याचा प्रकार पाहतें आणि मिळेल ती नोंद उचलतें. ज्या नोंदींचा तक्ता समजतो त्या आपल्या जागीं जातात. ज्यांच्या मायबापांचा पत्ता लागत नाहीं, त्या "हरवलें-सांपडलें" अशा अर्थाच्या नांवाच्या एका वेगळ्या तक्त्यांत गोळा होतात. यात्रेंत चुकलेलीं मुलें चौकींत आणून बसवावीं, तशी त्यांची स्थिति असते.

या पोरक्या नोंदी ओळखणें हें खरें चिकाटीचें काम. रकान्यांचीं नांवें पहिल्या पानावर असतात. तेंच पान गेलें असेल, तर पहिला रकाना, दुसरा रकाना एवढेंच हातीं राहतें. परंतु नोंदीचा घाट पाहून पुष्कळ कळतें. सात रकाने, त्यांत एक नांव व एक जन्मवर्ष, तर ती रुग्णाची नोंद. पांच रकाने व त्यांत एक रक्कम, तर ती भेटीची. एखाद्या रकान्यांत १७०४०६७२०० असा लांबलचक आंकडा दिसला, तर तो दूरध्वनीचा क्रमांक समजूं नये. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले ते सेकंद असूं शकतात, व त्या हिशेबानें हा क्षण १ जानेवारी २०२४ च्या पहाटे साडेपांचचा ठरतो. बहुतेक तक्त्यांत प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक असतो. ४,२०० च्या पुढें एकदम ४,२३१ दिसला, तर मधल्या तीस नोंदी पूर्वींच रद्द झाल्या असतील किंवा आतां हरवल्या असतील. पण चौकशी कोठें करावयाची तें तरी समजतें.

मराठींत नोंदी ठेवणारांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह हल्लींच्या सर्वमान्य सांकेतिक पद्धतींत तीन बाइट घेतें; काना, मात्रा, वेलांटी हींही स्वतंत्र चिन्हें. "गणेश" हें तीन अक्षरी नांव साठविण्यास मात्रेसह चार चिन्हें, म्हणजे बारा बाइट लागतात. बिघडलेली फाईल एखाद्या साध्या साधनानें चाळली, तर बहुधा तें इंग्रजी अक्षरेंच ओळखतें, आणि मराठी मजकुराच्या जागीं कांहींच दाखवीत नाहीं किंवा परकीय चिन्हांची खिचडी दाखवितें. त्यावरून मराठी नोंदी नष्ट झाल्या असा निष्कर्ष काढून फाईल टाकून देणें हा मोठाच अविचार होईल. नोंदी तेथेंच असतात. वाचणाराला लिपि ठाऊक नसते, इतकेंच.

येथवर आलें म्हणजे बाहेर पाहणाराला वाटतें कीं, कार्य सिद्धीस गेलें. वस्तुतः खऱ्या जबाबदारीस येथें आरंभ होतो. सर्व पानें उलटणारें साधन सोडून दिलेलीं पानेंही उलटतें, आणि पूर्वीं मुद्दाम रद्द केलेल्या नोंदी त्यांबरोबर परत येऊं शकतात. दवाखान्याच्या फाईलींत एकाच रुग्णाच्या दोन नोंदी निघतात. एकींत वर्ज्य औषधाचा रकाना मोकळा आहे. दुसरींत "पेनिसिलिन देऊं नये" असें लिहिलें आहे. यांतली जुनी कोणती व नवी कोणती हें यंत्र सांगूं शकत नाहीं. चुकीची नोंद खरी धरली, तर पुढील गोष्ट एखाद्याच्या जिवावर बेतूं शकते. फाईल गेली असती, तर डॉक्टरांनीं रुग्णास निदान प्रश्न विचारला असता. अर्धी खरी फाईल हातीं आली म्हणजे प्रश्न विचारण्याचीही गरज वाटेनाशी होते. परत मिळालेली नोंद हा पुरावा नसून साक्ष आहे, आणि साक्षीची उलटतपासणी झालीच पाहिजे. रुग्णाच्या घरीं असलेली औषधाची चिठ्ठी, पैशाच्या पावत्या, तपासणीचे जुने कागद, दूरध्वनीवर पाठविलेले निरोप यांच्याशीं ती ताडून पाहावी. जमाखर्चाची फाईल असेल, तर शिल्लक बँकेच्या उताऱ्याशीं जुळली पाहिजे. जी नोंद ताडली गेली नाहीं, तिच्यापुढें "पडताळणी बाकी" अशी खूण करून ठेवावी. ती पक्क्या नोंदींत मुकाट्यानें मिसळूं देऊं नये.

या प्रामाणिकपणाचा उत्तम आदर्श पुण्यांत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं तें पुरें केलें. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखितें ताडून पाठ ठरविण्याचें तें काम; डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ मध्यें निधन होईपर्यंत त्याचें संपादन केलें. त्या आवृत्तींत जो पाठ संपादकांना निश्चित वाटला नाहीं, त्याच्याखालीं नागमोडी रेषा दिली आहे, आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले आहेत. संशय झांकला नाहीं व कांहीं फेकूनही दिलें नाहीं. दवाखान्याची फाईल महाभारताहून लहान खरी. पण खूण करण्याचा नियम तोच.

उद्धाराची विद्या कितीही वाढली, तरी ती आगीच्या बंबासारखी आहे. घर बांधतांना घ्यावयाची काळजी तिच्यामुळें टळत नाहीं. नोंदींच्या जादा प्रती ठेवाव्या हा उपदेश सर्वतोमुखीं आहे, परंतु प्रत असणें व ती उपयोगी पडणें यांत अंतर असतें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या संगणकव्यवसायांतील कंपनींत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच चुकून पुसला गेला. चूक लक्षांत येऊन आज्ञा थांबवीपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे साडेचार उरले होते. संरक्षणाच्या पांच योजना कागदावर होत्या. एकही धडपणें चालत नव्हती. प्रत काढणारें साधन मुख्य डेटाबेसच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यानें निष्फळ होत होतें, आणि त्या अपयशाच्या सूचना देणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सुमारें सहा तासांपूर्वीं भलत्याच कामासाठीं घेतलेली एक प्रत अखेर उपयोगी पडली; मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्या कंपनीनें ही सर्व हकीकत स्वतःच उघडपणें प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावहच आहे.

तात्पर्य, घरोघर पाळतां येईल असा नियम लहानसा आहे. कार्यक्रम बंद करून, किंवा त्यानेंच दिलेल्या सोयीनें, फाईलीची प्रत काढावी. उघड्या फाईलीची काढूं नये. एक प्रत त्याच संगणकाबाहेर व एक घराबाहेर असावी. आणि वर्षांतून दोनदां तरी, दसऱ्याला शस्त्रें बाहेर काढून पुसावीं त्याप्रमाणें, ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून तिच्यांतील दहा-वीस नोंदी खऱ्या कागदांशीं मिळवून पाहाव्या. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, ती आहे असें धरूं नये.

एवढें करूनही एखाद्या सकाळीं तें इंग्रजी वाक्य पडद्यावर आलेंच, तर धीर सोडण्याचें कारण नाहीं. पानें बहुधा जाग्यावर असतात. शेजारची रोजकीर्दही कदाचित् असते. हात आवरावा, प्रत काढावी, मिळेल तें मिळवावें, आणि जें मिळालें त्यांतील प्रत्येक ओळ खऱ्याशीं ताडून घ्यावी. कारण त्या ओळी म्हणजे नुसते आंकडे नव्हेत. कोणाला कोणतें औषध सोसत नाहीं, कोणाचे किती पैसे देणें आहेत, कोणी कोणाला शेवटचें काय लिहिलें, हें सर्व त्यांच्या खरेपणावर अवलंबून असतें.